पेंढ्याची गादी

पेणजवळच्या आमच्या जोहे गावात गणपतीचे डोळे आखणारे हात पुष्कळ आहेत, पण हर्षदच्या कारखान्यातल्या मूर्तींचे डोळे त्याच्या बायकोने, सुरभीनेच आखावेत, असा गिऱ्हाइकांचा हट्ट असतो. मी तिची शेजारीण, म्हणून सांगते: बाई गुणी आहे आणि गिऱ्हाइकांपेक्षा हट्टी आहे.

यंदा तिला पाचवा महिना लागला आणि त्याच सुमारास गावात भाताची झोडणी सुरू झाली. पेंढ्याच्या धुळीचा तिला त्रास जुनाच. एरवी मेडिकलमधली सर्दीची गोळी गिळून ती कामाला बसायची. आता बाळाच्या भीतीने तिने गोळी सोडली आणि शिंकांनी तिला धरलं. माघी गणपती तोंडावर, आणि ब्रश मूर्तीपाशी नेला की शिंक. एका बाप्पाची भुवई पार कानापर्यंत गेली. शेवटी हर्षद म्हणाला, "या वर्षी डोळ्यांना दुसरा कारागीर आणतो." त्या दिवशी सुरभी जेवली नाही.

तिची सासू गिरजाबाई मात्र कंबर कसून उभी राहिली. आधी ओव्याची धुरी दिली, त्याने शिंका दुप्पट झाल्या. मग, "पोरीला लादीचा गारठा बाधतोय," असं ठरवून तिने गोणपाटात यंदाचा कोरा पेंढा भरला आणि सुनेला बसायला गादी शिवली. शिंका वाढत गेल्या तशी गादीही जाड होत गेली.

काही केल्या शिंका थांबेनात, तेव्हा आम्ही तिघी एसटीने पेणला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिथे ताटकळत बसलो तरी सुरभीला शिंक म्हणून आली नाही. गिरजाबाई कासावीस झाली. "एवढ्या लांब आणलीय तुला. आता तरी शिंक की गो," ती कानात कुजबुजली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून विचारलं, "घरी काम करताना बसता कशावर?"

गिरजाबाईने मोठ्या कौतुकाने गादीचं वर्णन केलं, हाताने जाडीही दाखवली. डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. "आजी, आधी ती गादी बाहेर काढा. धुरीपण नको," त्या म्हणाल्या. पेंढ्यापाशी जायचंच नाही, तोंडाला मास्क लावायचा, पाणी उकळून कोमट करायचं आणि त्यात मीठ घालून नाक धुवायचं, हे त्यांनी सुरभीला समजावलं. दुकानातली जुनी गोळी पुन्हा घ्यायची नाही. गरोदरपणात चालणारी एक गोळी त्यांनी स्वतः लिहून दिली. श्वासाला त्रास झाला तर लगेच यायला सांगितलं.

परतताना गिरजाबाईने एसटीत सुनेला खिडकीपाशी बसवलं. मग म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच शिवली होती गो."

"ठाऊक हाय, आई," सुरभी म्हणाली.

गादीतला पेंढा म्हशीने खाल्ला. गिरजाबाईने स्वतःच्या लुगड्यांची गोधडी घडी करून कारखान्यात अंथरली. चारेक दिवसांनी सुरभी मास्क लावून त्या गोधडीवर बसली. बाप्पाचा एक डोळा झाला, दुसरा झाला. मध्ये शिंक आली नाही.

"जमलं गो?" गिरजाबाईने दारातूनच विचारलं.

"जमलं. या की बघायला."

"नको. गोठ्यातून आलेय, पदराला पेंढा असंल माझ्या," असं म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आणि तिथूनच तिने हात जोडले.