सिस्टर, तुमचं ते लावा

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर एका जागी स्वस्थ उभ्या आहेत असं मी कधी पाहिलं नाही. बसणं तर सोडाच. ऑपरेशन चालू असताना त्यांची नजर टेबलावर असायची, आणि पाय मात्र कपाटापासून सिंकपर्यंत आणि सिंकपासून कपाटापर्यंत. जखमेत वापरायचे गॉजचे तुकडे त्या आधी मोजायच्या, नंतर मोजायच्या, आणि दोन्ही आकडे जुळले की पुन्हा एकदा मोजायच्या. आकडा जुळण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मी तिथला भूल देणारा डॉक्टर. पेशंट शुद्धीवर आला की सर्जनचे आभार मानतो, आमचं तोंडही त्याला आठवत नाही. त्यामुळे असेल, मी थोडा तिरसट झालोय असं घरचे म्हणतात. थोडा हा शब्द बायकोचा, दयाबुद्धीने वापरलेला.

तर सिस्टरांबद्दल अख्ख्या हॉस्पिटलला माहीत असलेली गोष्ट ही, की बाईंची गाण्यांची आवड भयंकर होती. पडलेल्या सिनेमांतली, ढणढण वाजणारी, एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून न जाणारी गाणी. त्यातलं एक तर पंक्चरच्या दुकानातल्या मुलीचं होतं, ‘हवा भर, टायरमध्ये हवा भर’ असं. शब्द एवढेच. बाकी सगळा ढोल आणि कुणाचं तरी खिदळणं. हे गाणं थिएटरमध्ये आठवड्यातून चार वेळा वाजायचं. कॅन्टीनवाल्यापासून लिफ्टमनपर्यंत सगळे सिस्टरांना त्यावरून चिडवायचे. घरी सून हसायची. सिस्टर म्हणायच्या, ‘हो बाबा, माझीच आवड, काय करू?’

खरी गोष्ट थिएटरमधल्या तिघांनाच माहीत होती. ती आवड सरांची होती.

सर म्हणजे आमचे मोठे सर्जन. गावातल्या शास्त्रीय संगीत मंडळाचे अध्यक्ष, प्रत्येक मैफिलीत पहिल्या रांगेत, डोळे मिटून. मैफिलीआधी गायकाची ओळख करून द्यायला उभे राहिले की अर्धा तास खाली बसत नसत. एकोणीस वर्षांपूर्वी एका अवघड ऑपरेशनमध्ये त्यांचा हात अडला. टाका बसेना. सिस्टरांनी सहज कोपऱ्यातला रेडिओ लावला, त्यावर असंच काहीतरी ढणढणत होतं, आणि सरांचा हात लोण्यातून सुरी जावी तसा चालायला लागला. एक ज्युनियर डॉक्टर खुदकन हसला. सर म्हणाले, ‘सिस्टरांची आवड दिसतेय.’ मास्कमधून सिस्टर म्हणाल्या, ‘हो सर, माझीच.’ तेव्हापासून ते ठरूनच गेलं. रेडिओ जाऊन टेप आला, टेप जाऊन सिस्टरांचा फोन आला. अवघड जागा आली की सर मान वर न करता म्हणत, ‘सिस्टर, तुमचं ते लावा.’

नियम एकच होता. पेशंट पूर्ण भुलीत असेल तरच. कमरेत इंजेक्शन देऊन नुसतं खालचं अंग बधिर केलं असेल, तर वर माणूस टक्क जागा असतो, सगळं ऐकत असतो. अशा वेळी ‘पेशंट जागा आहे’ हे मोठ्याने सांगायचं काम माझं.

त्या दिवशी मी ते सांगितलं नाही. पूर्ण भूल द्यायच्या पहिल्या पेशंटला ताप निघाला, म्हणून दुसऱ्याला आधी घेतलं. एक निवृत्त मुख्याध्यापक, हर्नियासाठी आलेले, सहा फूट उंच आणि आवाज असा की कमरेत इंजेक्शन देताना मीच त्यांना ‘सर’ म्हणून बसलो. त्यांच्या छातीपाशी पडदा लावला, आणि नेमका तेव्हा औषधाच्या साठ्यावरून मी स्टोअरवाल्याशी फोनवर भांडत होतो. भांडण माझ्या आवडीचं होतं, म्हणून लांबलं. पलीकडून सर म्हणाले, ‘सिस्टर, तुमचं ते.’ सिस्टरांनी बटण दाबलं.

टायरमध्ये हवा भरायला लागली, आणि माझ्या मॉनिटरवरची रेघ नाचायला लागली. फोन टाकून मी पेशंटकडे पाहिलं. श्वास ठीक, रंग ठीक. मग दिसलं. नाडी मोजायचा चिमटा ज्या बोटाला लावला होता, त्याच बोटाने मुख्याध्यापक टेबलाच्या कडेवर ठेका धरून होते. चांगला, पक्का ठेका. चेहऱ्यावर तर असं काही सुख होतं की मी दोन सेकंद बघतच राहिलो. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि आमची नजरानजर झाली. बोट थांबलं. मॉनिटरवरची रेघ शहाण्यासारखी चालू लागली.

मी हाताने खूण केली, सिस्टरांनी गाणं बंद केलं. ऑपरेशन छान झालं.

चार दिवसांनी तक्रार आली. दोन पानी, सुवाच्य अक्षरात. गंभीर शस्त्रक्रियेच्या वेळी हीन अभिरुचीचे गीत लावून रुग्णास मनस्ताप दिला, जबाबदार व्यक्तीवर कारवाई व्हावी. माझी खात्री आहे, मी ते बोट पाहिलं नसतं तर ही तक्रार आलीच नसती. चोरी पकडली गेलेल्या माणसाने आरडाओरडा करावा, तसं ते पत्र होतं.

आणि जबाबदार व्यक्ती कोण, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. लिफ्टमनलासुद्धा माहीत होतं. पुढच्याच महिन्यात सिस्टर मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख होणार होत्या. तीस वर्षं पाय झिजवल्यावर मिळणारी खुर्ची. अधीक्षक मॅडमनी त्या बढतीचा कागद अडवला आणि आठ दिवसांनी चौकशी ठेवली.

ते आठ दिवस सिस्टरांनी मला नको करून सोडलं. सकाळी यायच्या आणि म्हणायच्या, ‘डॉक्टर, मी सगळं माझ्यावर घेते.’ दुपारी म्हणायच्या, ‘पण मेट्रनचं मग गेलंच की.’ संध्याकाळी नुसत्याच यायच्या, दारात उभ्या राहायच्या, आणि मी काही बोलायच्या आत निघून जायच्या. गॉज आता चारचार वेळा मोजले जात होते. चूक माझी होती हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही फक्त बोलला नाहीत, बटण मी दाबलं ना.’ त्यांच्या त्या समजूतदारपणाने माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिडीक घेऊन मी सरांकडे गेलो. अध्यक्षपद प्यारं आहे की माणूस, असं तोंडावर विचारलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले की पुढच्या आठवड्यात मंडळाचा कार्यक्रम आहे. मी दार आपटून बाहेर आलो. त्याने दाराची बिजागरी सैल झाली, एवढंच.

चौकशीच्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. सिस्टर उभ्याच. मॅडमनी तक्रार वाचली आणि सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर तोंड उघडणार, एवढ्यात सर उठले.

‘गाणं माझं आहे,’ ते म्हणाले. ‘एकोणीस वर्षं माझंच आहे. सिस्टर माझ्यासाठी लावतात आणि माझ्यासाठी बोलणी खातात.’

म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते. सांगतो, मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल प्रेम वाटलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता स्फोट होणार. पण त्यांचा चेहराच उजळला. म्हणाल्या, मग हा प्रश्नच वेगळा आहे. सर्जनची एकाग्रता साधायची पद्धत आहे ही, परदेशात यावर अभ्यास चालतात म्हणे. मुख्याध्यापकांना तसं शास्त्रीय उत्तर पाठवू. सिस्टरांचं होतं तोवर ते गाणं बेशिस्त होतं. सरांचं झालं आणि दोन मिनिटांत ती पद्धत झाली. मेट्रनचा कागद त्यांनी आमच्यासमोरच सही करून टाकला.

‘मॅडम,’ सिस्टर म्हणाल्या, ‘गाणं माझंही आहे.’

सगळ्यांनी वर पाहिलं.

‘मला आवडतं ते. सर सुट्टीवर असतात तेव्हासुद्धा मी ऐकते. बसमध्ये ऐकते, कानात घालून. आधी नाही आवडायचं. मग आवडायला लागलं. सुरुवातीची दोन वर्षं सोडली तर मी खोटं बोलतच नव्हते.’

मॅडम हसल्या. हसणं प्रेमळ होतं. ‘सिस्टर, आता पुरे. सरांनी सांगितलंय सगळं. एवढी निष्ठा मी कुणाकडे बघितली नाही.’ सर तर गहिवरलेच. त्यांनी सिस्टरांपुढे हात जोडले आणि म्हणाले, ‘अजून किती पांघरूण घालाल माझ्यावर?’

सिस्टरांनी आणखी एकदा प्रयत्न केला. ‘पांघरूण नाही हो, खरंच,’ असं काहीतरी म्हणाल्या. मॅडम तोवर शिपायाला बोलावून चहा सांगत होत्या. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

चहा न घेताच सिस्टर बाहेर पडल्या. मी मागे गेलो. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन त्या परत आल्या, पुन्हा टोकापर्यंत गेल्या, पुन्हा आल्या. तिसऱ्या खेपेला माझ्यासमोर थांबल्या. मी अभिनंदन केलं. ते त्यांच्या कानात शिरलं नाही.

‘तुम्हाला तरी पटलं का, डॉक्टर?’

‘पटलं,’ मी म्हणालो. ‘सर येण्याआधी, एकट्या असताना तुम्ही ते लावता. मी बाहेरून कितीदा ऐकलंय.’

‘मग आत का नाही बोललात?’

मी म्हणालो की वेळच मिळाला नाही, मॅडम ऐकत कुठे होत्या. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. शिकाऊ नर्सने गॉज चुकीचे मोजले की बघायच्या तशा.

खरं म्हणजे वेळ होता. पण मी तोंड उघडलं असतं तर मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला असता. आत एकटी बाई गाणं ऐकते आहे आणि तुम्ही दर वेळी बाहेर दाराशी ते संपेपर्यंत उभे असता, ते कशासाठी, डॉक्टर?