उंदरांची वळायची बाजू

मिस्त्री त्या बाईंना ओळखत होता असं म्हणणं जरा धाडसाचंच. त्यांच्या घरी कोण आहे, सुट्टीत त्या काय करतात, हे त्याला कधी कळलं नाही. तो प्रयोगशाळेचा सुतार, त्या तिथे उंदरांवर नजर ठेवणाऱ्या.

औषध टोचलं की उंदीर गोल भांड्यात गरगर फिरत सुटायचा, आणि प्रत्येकाची वळायची बाजू ठरलेली. मेंदूचे दोन अर्धे सारखे नसतात, ज्या अर्ध्यात जोर जास्त त्याच्या उलट अंगाला उंदीर वळतो, असं बाईंनीच पिंजऱ्याची कडी बसवून घेताना त्याला सांगितलं होतं. तेव्हापासून त्या खोलीतल्या कड्या फारच ढिल्या होऊ लागल्या.

"मिस्त्री, तुम्हालाही टोचलंय की काय?" पहारेकरी म्हणायचा. "कुठूनही निघा, वळता तिकडेच."

मिस्त्री हसण्यावारी न्यायचा.

वाकून बघून बाईंची मान धरायची. म्हणून त्याने भांड्यावर तिरका आरसा बसवून दिला. बाई खूश झाल्या. आरशावर वाफ धरली की त्या वाकून बघत, एरवी आरशात. आरशात फेरा उलटा दिसतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांनी बाईंच्या नोंदी ताडून पाहिल्या तर तोच उंदीर आज डावा, उद्या उजवा. कुठली नोंद आरशातली आणि कुठली डोळ्यांनी पाहिलेली, हे सांगता येईना. सगळं काम पाण्यात गेलं.

बाईंची नेमणूक तेवढ्या कामापुरतीच होती. ते संपलं की त्या जाणार होत्या. आता पुन्हा पहिल्यापासून. मिस्त्रीला मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तो आरसा उतरवत असताना बाई म्हणाल्या, "चांगले शहाणे निघालो आपण दोघं."

त्या एवढ्याशा बोलण्यावर त्याने पुढचे कितीतरी दिवस काढले.

दुसऱ्या खेपेला काम बिनचूक झालं. निघायच्या दिवशी तो त्यांची पिशवी घेऊन थांब्यापर्यंत गेला. राहा, असं म्हणायचं होतं. कोणत्या नात्याने म्हणायचं ते सुचेना.

"बस गेली असेल का हो?" बाईंनी विचारलं.

"दुसरी असते मागून. बसा जरा."

"नको, उभीच बरी आहे."

"बरं," मिस्त्री म्हणाला.