रूपी डावीकडून धावते

चारोटीच्या नाक्यावर माझं नाश्त्याचं हॉटेल आहे. रूपीची मॅच असली की मी गल्ल्यावर बायकोला बसवतो आणि डहाणूच्या मैदानाकडे पळतो. बायको म्हणते, जतीन, एवढ्या घाईने तू माझ्या माहेरी कधी आला नाहीस. खरं आहे.

रूपी सायवनची. दिवसभर चिकू निवडण्याचं काम, संध्याकाळी हॉकी. सतरा वर्षं तालुक्याच्या संघात आहे आणि गोल शून्य. तिचं काम वेगळं. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला की ती आपल्या गोलच्या रेषेवर उभी राहते आणि चेंडू खेळात येताच फटका मारणारीच्या अंगावर धावत जाते. बंदुकीसमोर जावं तशी. चेंडू लागून लागून तिचे गुडघे काळेनिळे झालेत. एवढं करून भोंग्यावर नाव मात्र गोल मारणारीचं. भोंगा पांड्याकडे असतो. हा लग्नात आहेर पुकारणारा माणूस, त्याला गोलाशिवाय काही दिसत नाही.

यंदाची फायनल ही रूपीची शेवटची मॅच. आज मैदानाने तिचं नाव ऐकलंच पाहिजे, असं मी ठरवलं. सकाळीच पांड्याला दोन प्लेट भजी चारली आणि रूपी काय करते ते समजावलं. पठ्ठ्या फार लवकर शिकला. रूपीताईंनी बुटाची नाडी बांधली, रूपीताईंनी घाम पुसला, इथपासून त्याने सुरुवात केली. आपल्या मुलींनी एक गोल मारला, तो त्याने जेमतेम सांगितला. मग रूपीने पहिला कॉर्नर अडवला तेव्हा तर त्याला चेव आला. रूपीताई नेहमी डावीकडून येतात आणि सरळ फटका मारणारीवर जातात, असं त्याने सगळ्या मैदानाला सांगून टाकलं. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. गाढव मी!

समोरच्या मुलींनाही कान होतेच. पुढच्या कॉर्नरला त्यांच्या कप्तानाने नुसती काठी उगारली, रूपीला जवळ येऊ दिलं आणि चेंडू हळूच बाजूच्या मुलीकडे सरकवला. गोल. एक-एक.

हाफटाइमला रूपी तडक माझ्याकडे आली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी फार तर पाच वाक्यं बोलली असेल.

"शेठ, तो भोंगा बंद करा. मी कुठून येते ते कोणाला माहीत नव्हतं, म्हणून तर जमत होतं."

मला तोंड लपवायला जागा सापडेना. बाईची शेवटची फायनल, आणि तिचा एकुलता एक चाहता तीच घालवायला बसलेला. पांड्याला गप्प बसवताना माझ्या नाकी नऊ आले, पण बसला एकदाचा.

आपल्या मुलींनी दुसरा गोल मारला. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांना पुन्हा कॉर्नर मिळाला. यावर गोल झाला तर बरोबरी. रूपीने रेषेवरून माझ्याकडे बघितलं आणि ओरडून सांगितलं, "शेठ, आता पुकारा. जोरात."

मला काही कळेना, पण पांड्याला तेवढंच हवं होतं. रूपीताई डावीकडून, सरळ फटका मारणारीवर, असा त्याने गजर केला. चेंडू आला. रूपी दोन पावलं सरळ धावली आणि एकदम वळली. कप्तानाने काठी उगारून चेंडू बाजूला सरकवला, तर तिथे रूपीच उभी. तिने तो दणकून लांब मैदानात टोलवला. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो.

बक्षिसं वाटताना पांड्या पुन्हा मूळपदावर आला आणि गोल मारणाऱ्या दोघींचीच नावं घेत बसला. रूपी कडेला बसून गुडघ्यावर बर्फ फिरवत होती. मी जवळ जाऊन माफी मागितली. चुकलं, तुझं नाव उगाच पुकारायला लावलं, असं म्हणालो.

तिने बर्फ दुसऱ्या गुडघ्यावर घेतला.

"गोल गेला तेव्हा तुमचं डोकं फोडावंसं वाटलं," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी, शेठ, मी तहान नसताना तीनदा पाणी प्यायला गेले. तो पाण्यालाही माझं नाव पुकारत होता ना."