महासीरची दोन पानं

आमच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या सीटखाली दोन गोष्टी कायम साठत गेल्या. वाळू आणि किस्से. वाळू आई दर दिवाळीला झाडून काढायची. किस्से माझ्या तोंडी आले, आणि माझ्या तोंडी आलेली गोष्ट वाढते. तरी पुढचं सगळं खरं आहे. निदान आईने तपासलेलं तरी आहेच!

नव्वदच्या दशकात सुट्टी लागली की नाशिकची बाकी मंडळी देवदर्शनाला जायची, आम्ही मासे शोधायला. बाबा अंबडला एका कारखान्यात टर्नर, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, धाकटी विदू आणि नुकताच कॉलेजात गेलेला मी. नियम एकच. दर ट्रिपला नव्या जातीचा मासा. ओळखीचा निघाला तर "पुन्हा भेटू" म्हणून पाण्यात सोडायचा. बाबांचं स्वप्नही एकच होतं, नदीतला सगळ्यात दांडगा मासा, महासीर!

पहिली चिलापी बाबांनी गंगापूर धरणावर धरली. तळहाताएवढी. गंगापूर रोडला लागेपर्यंत ती कोपरापर्यंत आली. कॉलनीच्या गेटवर शेजारच्या काकांना बाबांनी दोन्ही हात पसरून दाखवली.

मीही मागे राहिलो नाही. "शप्पथ काका, मी कमरेला धरलं म्हणून, नाहीतर बाबांनाच ओढून नेत होती!"

आईने शांतपणे पिशवीतून चिलापी काढली, विदूच्या चित्रकलेच्या वहीवर ठेवली आणि पेन्सिलने भोवती रेघ ओढली. खाली लाल पेनाने लिहिलं, 'चिलापी. गंगापूर धरण. पाहिली.' आणि सही ठोकली.

"यापुढे या घरात मासा म्हणजे वहीतला मासा. तुम्हा बापलेकांची साक्ष चालणार नाही."

बाबांनी तेवढ्यात वहीची शेवटची दोन पानं दुमडून ठेवली. "ही महासीरला. एका पानात तो मावत नाही."

"एका माशाला एक पान," आई म्हणाली. "महासीर असो नाहीतर मगर."

*

सटाण्याकडे एकदा नदीवर सकाळपासून बसलो होतो. गळ हलेना. बाबांनी कणकेत हिंग घातला, मग गूळ, मग विदूचं बिस्कीट. एक म्हातारेबाबा काठीवर हनुवटी टेकून तासभर हे सगळं बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"भाऊ, आठे मासा शेतस. पन त्यासले भूक नही शे!"

"असं होय," बाबा म्हणाले, आणि चप्पल काढून नीट मांडी घातली. "मग जेवणाच्या वेळेपर्यंत थांबतो."

*

गिरणा धरणावर मरळ मिळाली. नवी जात! विदूने वही काढली, आणि आईने पर्स चाचपली. चष्मा घरी राहिला होता.

"अगं, मासा समोर आहे," बाबा काकुळतीला आले. "कर की सही!"

"चष्म्याशिवाय मी आजवर एका पोराचा पेपर तपासला नाही. तुमचा मासा कसा तपासू?"

झालं! सहीसाठी मरळ जिवंत नाशिकला न्यायची ठरली. झाकणाच्या बादलीत. मालेगावात हायवेवर व्हॅन पंक्चर झाली. पंक्चरवाल्या चाचांचं घमेलं नेमकं गळकं. आमची बादली दिसली, त्यांनी झाकण काढलं आणि ट्यूब आत दाबली. बुडबुडे आले. ट्यूब फिरवली, तरी तिथेच बुडबुडे. बाहेर काढली, तरी बुडबुडे!

चाचा उठून उभेच राहिले. "साब, ट्यूब तो ठीक है. आपकी बाल्टी पंक्चर है!"

*

वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. बाबांनी ती मोजायला कारखान्यातला व्हर्निअर आणला होता. व्हर्निअर सहा इंची, वाम हातभर. म्हणून त्यांनी तुकड्यातुकड्याने मोजली आणि बेरीज केली. वाम एकदम विदूच्या उंचीची निघाली!

आईने चष्मा नाकावर घेतला, पुन्हा मोजली आणि लाल पेनाने लिहिलं, 'शेपूट दोनदा मोजली आहे. दुरुस्त करून दाखवा.'

बाबा मुकाट्याने खोडरबर शोधायला लागले. विदू म्हणाली, "बाबा, खाली पालकांची सही पण आणायची हं!"

*

वही भरत गेली. कोकणात, तापीवर, कुठेकुठे गेलो. विदू लग्न होऊन गेली, व्हॅनचं स्टिअरिंग माझ्याकडे आलं. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली तेव्हा फक्त ती दुमडलेली दोन पानं कोरी होती. आणि बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं शब्दाशब्दावर आलं.

डिसेंबरात बाबा एकच शब्द धरून बसले. "भंडारदरा."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. आईने थर्मास भरला.

पाण्याच्या कडेला खुर्ची मांडली. गळ मी फेकला, रॉड बाबांच्या डाव्या हातात दिला. दुपार गेली, उन्हं कलली. मी गुंडाळायला उठलो आणि रॉड वाकला! रीळ किंचाळत सुटलं. मी हात घातला तर बाबांनी मला कोपराने ढकललं. दोन मिनिटं, तीन मिनिटं ते एका हाताने झुंजले. लांब पाण्यात काहीतरी जड वळलं, एवढंच कळलं. आणि दोरी तुटली.

बाबा पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होता."

मी जन्माचा थापाड्या. पण त्या वेळी माझी जीभ उचलेना. बोलून उपयोग तरी काय? माझी साक्ष चालत नव्हती!

आई पिशवीजवळ गेली. वही काढली, दुमडलेली पानं सरळ केली आणि बाबांच्या पायाशी बसली.

"अहो, तोंडाकडून सुरू करू?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "हं."

ती पेन्सिल ओढत गेली. "एवढा?"

"अजून."

"एवढा?"

"अजून."

पान संपलं. आई थांबली नाही. शेपूट दुसऱ्या पानावर गेली. मग तिने लाल पेन काढलं आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'महासीर. भंडारदरा. पाहिला.' सही केली.

बाबांनी वही डाव्या हाताने मांडीवर ओढून घेतली.

मी रॉड ठेवायला व्हॅनकडे गेलो. डॅशबोर्डवर आईचा चष्मा होता. सकाळी ठेवला होता तसाच, घडी घातलेला.