खिंडीपलीकडचा रेडिओ

नवऱ्याचा पाय घोट्यातून मोडला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दोन दिवसांच्या डोंगरवाटेवर, आम्ही राहतो त्या हॉर्नबीहून, आम्ही दोघंच आलो होतो. मोबाइलला रेंज नव्हती. संकटात सिग्नल पाठवणारं यंत्र भाड्यानं घेऊ, असं मी सुचवलं होतं. त्या वाटेवर हीप्स, म्हणजे ढिगानं, लोक असतात, असं तो म्हणाला आणि मीही विषय सोडून दिला. त्या दिवशी वाटेवर आम्हाला एकही माणूस भेटला नाही.

आदल्या दिवशी ओलांडलेली नदी पहाटेच्या पावसानं फुगली होती, त्यामुळे मागे फिरणं शक्य नव्हतं. पुढे बर्फाची खिंड होती आणि खिंडीपलीकडे ट्रेकर्ससाठी बांधलेली हट. तिथे रेडिओ असतो, एवढं मला माहीत होतं.

मी त्याला एका खडकाच्या आडोशाला नेलं, दोन्ही स्लीपिंग बॅगांत गुंडाळलं, पाणी हाताशी ठेवलं.

तो म्हणाला, "वर भीती वाटली तर परत ये. मी रागावणार नाही."

मी हो म्हणाले. परत आले तर पुढे काय, हे दोघांनीही विचारलं नाही.

बुटांना लोखंडी काटे बांधून मी चढू लागले. सावलीतला बर्फ काचेसारखा टणक होता. अर्ध्यावर पाय सटकला आणि मी पोटावर घसरत खाली गेले. हातातली बर्फात रोवायची कुऱ्हाड कशीबशी रुतली. खाली पाहिलं आणि तशीच बर्फाला चिकटून राहिले. भीतीनं कपडे ओले झाल्याचं नंतर कळलं. किती वेळ तशी पडून होते, सांगता येत नाही. थंडीनं बोटं बधिर व्हायला लागली, तेव्हा त्या भीतीनं उठले.

खिंड ओलांडून हटमध्ये पोचले, तेव्हा एक वयस्क बाई चहा पीत होत्या. "किया ओरा," असा इथला नमस्कार करता करता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि सरळ रेडिओ उचलला. पलीकडून बचाव पथकाच्या माणसानं नवऱ्याचं वय विचारलं. मला आठवेना.

धुक्यामुळे हेलिकॉप्टर तासभर अडकलं. तो तास खिंडीपेक्षा वाईट गेला. बाई माझा हात धरून बसल्या होत्या. शेवटी रेडिओवर निरोप आला, की तो सापडलाय, गारठलाय, पण बोलतोय.

हॉस्पिटलमध्ये घोट्यात प्लेट बसवली. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "वर कसं होतं?"

"बर्फ होता," मी म्हणाले. बाकीचं सांगायला मला चार महिने लागले.