नाव काढलंय

बुधवारी दुपारी धाकट्या भाचीला भात भरवत होते, तेव्हा फोन आला. परभणीच्या कॉलेजातले शिपाईमामा बोलत होते. शाळा अर्धवट सुटलेल्या आम्हा लोकांचे दहावीचे वर्ग रविवारी त्याच कॉलेजात भरतात, आणि खोली मामाच उघडून देतात. ते एवढंच म्हणाले, "पोरी, तुजं नाव काढलंय बग. उद्या येऊन जा." मागून त्यांना कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. मी परत लावला. उचलला नाही.

भाची तोंड उघडून बसलेली, घास माझ्या हातातच.

हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते. तेव्हा मी आठवीत होते. चिपळूणच्या पुढे आमचं गाव. भावोजींची बँकेतली बदली मानवतला झाली, ताईला दिवस गेलेले, तिथं ओळखीचं कुणी नाही, म्हणून तिच्यासोबत मला पाठवायचं ठरलं. वडील मला घेऊन शाळेत गेले. हेडमास्तरांनी हजेरीपट पुढे ओढला, पट्टी ठेवली आणि माझ्या नावावरून लाल रेघ मारली. अगदी सरळ, जराही न हलता. आईही आली होती, ऑफिसच्या दाराशी उभी होती. ती काहीच बोलली नाही. वाटेत कुणी विचारलं तर वडील सांगत होते, "नाव काढलं तिचं."

आता पुन्हा. आणि या वेळी चूक माझीच. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सलग तीन रविवार जो येणार नाही, त्याचं नाव यादीत राहणार नाही. भाचीला कांजिण्या आल्या आणि माझे बरोबर तीन रविवार बुडाले. मॅडमना फोन करायचा धीर झाला नव्हता. कळवलं असतं तर, असं आता वाटत होतं.

ताईला खरं सांगितलं नाही. माझा फॉर्म तिनेच भरला होता. अंगणवाडीतल्या बाईंकडून या वर्गांची माहिती काढून, माझ्या आधी तीच जाऊन त्या कॉलेजच्या खिडकीशी उभी राहिली होती. तिला कुठल्या तोंडाने सांगू? त्या संध्याकाळी वरणात दोनदा मीठ पडलं.

गुरुवारी बसमध्ये सगळी वाट मी एकच वाक्य घोकत होते, मॅडम, भाचीला कांजिण्या होत्या. अर्जही लिहून घेतला होता.

रविवारी ते कॉलेज आमचं असतं. शिवणकाम करणाऱ्या काकू, रिक्षावाले दादा, माझ्यासारख्या दोन-तीन मुली. तिथं कुणी कुणाला वय विचारत नाही. गुरुवारी मात्र आवार भरून गेलं होतं. तोंडाला ओढण्या बांधलेल्या मुली, गाड्या, हसणं. फाटकापाशी एकीने सहज विचारलं, "कुठल्या वर्षाला हायस?" माझ्या तोंडून निघून गेलं, पहिल्या. मग धडकी भरली, ही आत जाऊन कुणाला सांगेल.

ऑफिसात मामा एका गठ्ठ्याला सुतळी बांधत होते. ते तोंड उघडायच्या आत मीच सुरू झाले. कांजिण्या, तीन रविवार, एकदा माफ करा, नाव परत घाला. अर्ज पुढे केला, तो घामाने ओला झाला होता. मामा सुतळी हातात धरून सगळं ऐकत राहिले. शेजारच्या टेबलावरचे क्लार्क आधी हसले.

"अगं, काढलं म्हंजे गठ्ठ्यातून काढलं," मामा म्हणाले. "रजिस्टरातून न्हाई."

परीक्षेची हॉल तिकिटं आली होती. सह्या घेऊन यादी त्याच संध्याकाळी परत पाठवायची होती. मी रविवारी दिसले नाही म्हणून मामांनी सगळ्यांतून माझं नाव शोधून तिकीट बाजूला काढून ठेवलं होतं. त्यांनी ते केलं नसतं तर ते सहीविना परत गेलं असतं.

"आणि ते तीन रविवार?" मी विचारलं.

"ते मॅडमशी बोल तू. पन तिकीट आलंय म्हंजे परीक्षेला बसायलीस. खामखा भ्याली. पानी पी आदी, मग सही कर."

सही वाकडी आली. मामांनी यादी गठ्ठ्यात सरकवली. मला त्यांना नीट धन्यवादही म्हणता आलं नाही, नुसती मान हलवली.

बसस्टँडवर येऊन आईला फोन लावला. धाप लागलेली, मामांचेच शब्द तोंडात होते. म्हटलं, "आई, माझं नाव काढलंय."

पलीकडून आईचा आवाज आला. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"कुणी काढलं? त्यांच्याकडे दे फोन. मी बोलते."

मला सांगायचं होतं, अगं तसं नाही. मानवतची बस लागली होती, लोक चढत होते. मी हॉल तिकीट छातीशी धरून तशीच उभी, आणि आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, दे ना फोन, कुठे आहेत ते?