डाळिंबाचा रुपयातला भाव

दोन हजार सातच्या सुमाराला वडगाव रासाईत आमच्या डाळिंबाचा पहिला माल तयार झाला. तेव्हा मी शिरूरच्या एका बँकेत कारकून होते आणि स्वतःला मोठी अर्थतज्ज्ञ समजत होते.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी हयात शिरूरच्या बाजारात बैलांचे सौदे केले. साठवलेलं सगळं या बागेत घातलं होतं. माल पडत्या भावात गेला असता तर म्हातारपणी पुन्हा बाजार धरावा लागला असता.

मुंबईचा एक निर्यातदार बांधावर आला. दर डॉलरमध्ये ठरवू, माल दुबईला पोचला की डॉलरच्या त्या दिवशीच्या भावानं रुपये मिळतील, म्हणाला. शेजारच्या बागायतदारांनी सह्याही केल्या होत्या. मी आप्पांच्या मागेच लागले. "आप्पा, सगळं जग डॉलरवर चालतं. तो कधी पडत नाही. तुमचा रुपया कोण विचारतो?"

आप्पांनी खांद्यावरचा पंचा साहेबाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, मुकाट्यानं, झाकलेल्या बोटांवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हितं ठरलेला भाव पैसं घेताना बदलत न्हाई," आप्पा म्हणाले. "तुमचा डॉलर रोज बदलतो, मग त्यो भाव कसला? रुपयात बोला."

बराच वेळ पंचा हलत राहिला. शेवटी साहेबानं रुपयात भाव दिला, इतरांपेक्षा जरा कमीच. मी आठवडाभर आप्पांशी धड बोलले नाही.

मग माल दुबईला पोचेपर्यंत डॉलर घसरला. शेजाऱ्यांच्या हातात अपेक्षेपेक्षा बरेच कमी रुपये पडले. आम्हाला ठरले तेवढे मिळाले, शेवटी त्यांच्यापेक्षा जास्तच. आज मोठमोठे देश आपापल्या चलनात व्यवहार करायचं म्हणतात, डॉलरचं पुढं काय यावर चर्चा झडतात, तेव्हा मला आप्पांचा फार अभिमान वाटतो.

त्याच वर्षी शेजारी आमच्या ओसरीवर जमले. "आप्पा, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मला काय कळतंय," आप्पा म्हणाले. "लेक बँकेत हाय. तिनंच सांगितलं, रुपयातच घ्या म्हणून."

सगळे कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर आप्पांनी डोळ्यांनीच गप्प केलं. तेव्हापासून गावातली माणसं पैशाचं काहीही करायचं झालं की आधी मला विचारायला यायची. मी त्यांना चहाला बसवायची आणि मागच्या दारानं बागेत आप्पांना विचारून यायची.